वादळातलं झाड

प्रिय सौ.,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहितो. माझ्या वादळाच्या चित्रातलं झाड अडलं होतं. पुस्तकात बघून फांद्या रंगवणारे वेगळे. मी कुणाकडे शिकलेलो नाही, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. म्हणून तुला केस मोकळे सोडून टेबलफॅनसमोर उभं केलं. पहिल्या दिवशी तू हसलीस. चौथ्या दिवशी शिंकलीस, तर मी ओरडलो, "हलू नकोस, फांदी बिघडते!"

"अहो, झाडाला सर्दी होत नाही, मला होते," असं म्हणून तू बॅग भरलीस आणि माहेरी गेलीस.

मग आरसा घेऊन मीच फॅनसमोर बसलो. माझ्या डोक्यावर जे काही उरलंय, त्यात गवताचीसुद्धा सोय होत नाही.

काल तुझा भाऊ तुझा स्वेटर न्यायला आला. चित्रासमोर थबकून म्हणाला, "भाऊजी, आभाळ झकास उतरलंय. पण हे झाड आमच्या ताईसारखं का चिडलंय?"

"तैलरंग ओला आहे, लांबून बघ," मी म्हटलं.

खरी गोष्ट अशी, की झाड परवाच पूर्ण झालं. नुसतं आठवून रंगवलं. तुझ्या डाव्या कानामागे कधीच न राहणारी ती बट, तीसुद्धा अगदी बरोबर सुटली आहे. हवं तर भिंग लावून तपास. तेव्हा चित्रासाठी आता तुझी काहीही गरज उरलेली नाही.

तरीही ये.

तुझाच,
मी