एका फ्लॉपीवर दोन आवृत्त्या

सांगली, ४ जून १९९६
सुहासने आज दुसरी आवृत्ती दाखवली. छापखान्यांसाठी दिलीपने लिहिलेला अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम. आता भागीदार म्हणून सुहासच बघतो. अक्षरं सुबक आली आहेत. जोडाक्षरं तुटत नाहीत. दिलीपला आवडलं असतं.
‘वहिनी, ही बसवली की पहिली आपोआप पुसली जाते. कटकट नाही.’
आपोआप. दिलीप गेला एप्रिलमध्ये. कपाटातले कपडेही असे आपोआप—

१९ जून
वडूजच्या छापखान्यातून बाबासोंचा फोन. नव्या आवृत्तीत (आ.) मजकूर सारखा बिघडतो.

२१ जून, वडूज
बाबासो संध्याकाळी मशीन भिंतीवरच्या बटणाने बंद करतात. फायली तुटणारच.
‘आवं वैनी, प्रोग्रॅममधनं बाहेर पडायला सुहासनं “जातो” लिवलंय. भरल्या घरात जातो कोन म्हनतं? दिलीपरावांचं “येतो” हुतं.’
त्यांची बायको हसली. ‘लय भित्रा हाय ह्यो मानूस.’
‘मग दाब की तूच!’
‘मी? न्हाई बाई.’
शेवटी मी दाबलं. माझं काय व्हायचं राहिलं होतं.

२३ जून
सुहास वरमला. शब्द बदलतो म्हणाला. मी म्हटलं, तेवढ्याने भागणार नाही. जुना मजकूर नव्या आ.त उघडत नाही. छापखान्यांनी सगळी कामं पुन्हा जुळवायची का? दोन्ही आ. एकाच फ्लॉपीवर द्यायच्या. नावं वेगळी, कप्पे वेगळे. एकीने दुसरीला हात लावायचा नाही. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा तो सरकेल.
‘हे छापखान्यांसाठी, की तुमच्यासाठी, वहिनी?’
मी फ्लॉपीच्या चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहायला घेतली.

८ ऑगस्ट
दोन्ही आ. सुखाने नांदताहेत. कुपवाडच्या छापखान्यातूनही तक्रार नाही. सुहास म्हणतो, जुनी आता फारसं कुणी उघडत नाही. म्हणजे माझी ही सोय जुनी सहज सुटायची वाटच ठरली. हे माझ्या तेव्हा लक्षात—

२ डिसेंबर, वडूज
बाबासोंच्या मशीनमध्ये जागा उरली नाही. दिवाळीपासून त्यांचं सगळं काम नव्या आ.तच. जुना मजकूरही फुरसतीने नव्यात घेतला, एकेक पान.
त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.
‘जुनी काढाय पायजे, वैनी. तुमीच काढा. आमचा हात धजंना.’
मशीन चालू होतं. बोटं कळफलकावर ठेवली.
म्हटलं, आधी चहा सांगा.