कवळीवाल्यांचे बूट आणि तुझं कपाट

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकलेलो नाही, कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येईल.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला का? तुझा नवा चष्मा घसरतो असं ते फोनवर म्हणत होते. तो नंबराचा दोष नाही, तू चष्मा दिवसभर डोक्यावर चढवून ठेवतेस त्याचा आहे. दुकानात ये, दांड्या आवळून देतो. बाकी माझं उत्तम चाललं आहे. लोकांना दिवसेंदिवस कमी दिसतं आहे, त्यामुळे दुकानाला बरकत आहे.

पत्र लिहायला तसं कारण नाही. आठवण आली, एवढंच. (एक अगदी किरकोळ काम आहे, तुझ्या माळ्याखालच्या खोलीतल्या कपाटाचं. किरकोळ तुझ्या दृष्टीने, कारण एका माणसाचं गिटार वाजवणं राहतं की जातं ते त्या कपाटावर ठरणार आहे. पण ते शेवटी सांगतो, आधी माणूस कोण ते ऐक.)

मी संध्याकाळी दुकान बंद करून पायघोळ झगा घालतो, केसांचा टोप चढवतो आणि कान किटतील अशी गिटार वाजवतो, हे तुला नव्याने सांगायला नको. घरात हे सगळ्यात आधी तुला कळलं, कारण पहिला झगा तुझाच होता. इतकी वर्षं मला वाटत होतं की असा नग पृथ्वीवर एकच. तो समज मागच्या हिवाळ्यात बायकांच्या बुटांच्या दुकानात फिटला.

काचेत एक जोड लागला होता, ताई! काळा, गुडघ्यापर्यंत, बाजूला बकलांची रांग, आणि टाच अशी की घातल्यावर माणसाला आपले विचारसुद्धा उंच वाटावेत. मापही मोठं. आपल्या घराण्याचे पाय तू जाणतेसच, दुकानदार पाय बघतो आणि आधी पाणी पितो. मी आत गेलो आणि ताईसाठी हवेत म्हणून सांगितलं. (रागावू नकोस. कोणाचं तरी नाव पुढे करावंच लागतं, आणि पायांच्या बाबतीत तुझं नाव घेतलं की कोणाला शंका उरत नाही.) मालकीणबाई म्हणाल्या, त्या जोडासाठी ते साहेब आधीच थांबलेत, त्यांच्या आईंना हवा आहे. साहेब म्हणजे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेले एक सभ्य गृहस्थ. भांग काटेकोर, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत, मांडीवर जेवणाचा डबा. त्यांच्या वयावरून आई ऐंशीच्या पुढची असणार. ती माउली असले बूट घालून कुठे निघाली होती देव जाणे. पण मी तोंड उघडलं नाही आणि माझी ताई कोणत्या मोहिमेवर निघाली आहे हे त्यांनीही विचारलं नाही.

ते बिल करायला कचरत होते, तेवढ्यात मी ताईचे नि माझे पाय एकाच मापाचे असं सांगून उजवा बूट चढवला. बकलं लावली. आणि काय सांगू, पाय आपला आपणच सुरू झाला. चवडा खाली, टाच खाली, चवडा, टाच. (भावोजी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: विजेच्या गिटारीपुढे जमिनीवर पायाने दाबायचं एक पेडल असतं. ते पुढेमागे झुलवलं की तार हट्टी पोरासारखी 'वाँऽव' करून रडते. एकदा ही सवय लागली की पाय कुठेही झुलतो, बँकेच्या रांगेतसुद्धा.) गृहस्थांनी माझ्या पायाकडे पाहिलं. डबा खाली ठेवला. आणि पायाच्या बरोबर तालावर, नाकातल्या नाकात म्हणू लागले, "वाँऽव... वाँऽव..." मी पाय थांबवला की ते थांबत. मी हळू केला की तेही हळू. मालकीणबाईंना वाटलं यांना काहीतरी होतंय, त्या पाणी आणायला आत पळाल्या. तेवढ्यात आम्ही एकमेकांचे हात पाहून घेतले. डाव्या हाताची नखं मुळापर्यंत कापलेली आणि बोटांच्या टोकांना घट्टे. उजव्या हाताची नखं राखलेली आणि कडेला लाल रंगाचा पुसायचा राहून गेलेला ठिपका. दोघांचे अगदी सारखे!

"आईंना आवाज कसा आवडतो?" मी विचारलं.

"फाटका," ते म्हणाले. "तुमच्या ताईंना?"

"त्याहून फाटका."

जोड आम्ही भागीत घेतला.

हे गृहस्थ दातांच्या कवळ्या बनवतात. एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत, दिव्याखाली, एकेक दात घासत बसलेले असतात. आम्ही त्यांना कवळीवाले म्हणतो. बोलायला इतके मऊ की चहा गार झाला असला तरी गरमच आहे म्हणतात. पण त्यांनी तो जांभळा मखमली झगा अंगावर घातला, टोप बसवला, ओठ रंगवले आणि गिटार गळ्यात अडकवली की समोरच्या भिंतीने सावरून उभं राहावं. काय तो उजवा हात, ताई! जड तारेवर इतक्या वेगाने चालतो की हात दिसत नाही, नुसती घरघर अंगात शिरते. आणि मग सगळं थांबवून एकच सूर वर नेतात, बोटाने तार ओढून धरतात आणि त्याला असा हलवतात की माझ्यासारख्या दगडालाही घरचं कोणीतरी आठवतं. मी इतकी वर्षं वाजवतोय, पण त्यांच्या शेजारी उभं राहिलं की मी गिटार नुसती धरून उभा आहे असं वाटतं. आणि याचं मला मुळीच वाईट वाटत नाही, यावरूनच काय ते ओळख.

ड्रमवर शाळेतल्या गणिताच्या बाई आहेत. त्या काळा सूट घालतात आणि मिशी चिकटवतात. मिशी दुसऱ्याच गाण्याला उडून झांजेवर जाऊन बसते, पण बाई लक्ष देत नाहीत. असा आमचा संच. या संचाचा पहिला जाहीर कार्यक्रम दंतवैद्यांच्या वार्षिक मेळाव्यात झाला (कवळीवाल्यांची ओळख), आणि माझी कंबर तिथेच कामी आली. बूट एकच जोड असल्यामुळे आमचं ठरलं होतं की ज्याचा सोलो, त्याचे बूट. दुसऱ्याने मोज्यांवर मागे उभं राहायचं. माझा सोलो संपला, आम्ही मोठ्या स्पीकरच्या आड गेलो, एक बूट निघाला आणि दुसऱ्याचं बकल अडकलं ते अडकलंच. इकडे बाई ड्रमवर आमची वाट बघताहेत, तिकडे कवळीवाले माझा पाय धरून ओढताहेत आणि मी त्यांच्या खांद्याला लटकलो आहे. शेवटी एक बूट त्यांना, एक मला, असेच आम्ही बाहेर आलो. दोघेही एका बाजूला कललेले. त्यात वळताना त्यांच्या टोपाचे केस माझ्या गिटारीच्या खुंट्यांत गुंतले, म्हणजे आता त्यांच्यापासून हातभर लांब जाण्याचीही सोय राहिली नाही. अशा अवस्थेत, पाठीला पाठ लावून, त्या माणसाने सोलो वाजवला. एक सूर इकडचा तिकडे नाही! मी त्यांना तोलून धरलं होतं, एवढंच माझं संगीत. समोर दंतवैद्य पहिल्यांदाच स्वतः तोंडं उघडी ठेवून बसले होते. एक बूट घालून वाकडं उभं राहणं ही आमची खास शैली आहे असा त्यांचा समज झाला. आम्ही तो तसाच ठेवला आहे. कंबरेला मात्र तो पटला नाही.

आता खरी अडचण. कवळीवाल्यांचे वडील कायमचे त्यांच्याकडे राहायला येताहेत. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि त्यांना घरातली कपाटं लावायचा नाद आहे. जिथे जातात तिथलं प्रत्येक कपाट रिकामं करतात, पुसतात आणि पुन्हा भरतात. घर दोन खोल्यांचं, तिथे मखमली झगा लपवायचा कुठे? बायकोचा काही प्रश्न नाही, झग्याची पाठीमागची चेन तीच लावून देते. पण वडिलांपुढे यांची जीभ टाळूला चिकटते. परवा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "पुरे झालं. झगा बाईंच्या शाळेला देऊन टाकतो, नाटकाला होईल. गिटार काय, पँट घालूनही वाजवता येते."

आम्ही वाजवून पाहिलं. पँट, शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. ताई, सगळे सूर जागच्या जागी होते आणि कवळीवाले कुठेच नव्हते. त्यांनाही ते कळलं. गिटार पेटीत ठेवली, पेटी बंद केली आणि चहा गरम आहे म्हणाले. चहा अजून केलाच नव्हता. मला फार वाईट वाटलं.

त्या वेळी तुझी आठवण झाली. तू बाबांचा तपकिरी कोट आणि दादाची पँट घालून, केस टोपीत कोंबून गिटार वाजवायचीस. कोणी तसं सांगितलेलं नव्हतं. आई विचारायची, हे काय सोंग? तू म्हणायचीस, "कोट नसला की माझा हात चालत नाही." मी खाटेखाली बसून ऐकायचो. मला गिटारीचा नाद लागला तो तिथे, आणि कपड्यांचाही बहुधा तिथेच. मग तुझं लग्न झालं, मुलं झाली, नोकरी होती, आणि तुझं वाजवणं राहूनच गेलं. सांगायचं एवढंच की कवळीवाल्यांचा हात आणि झगा यांचा संबंध तुला समजवावा लागणार नाही. साऱ्या नात्यागोत्यात समजणारी तू एकटीच आहेस.

तेव्हा काम असं. त्यांचा झगा, टोप आणि आमचे बूट तुझ्या त्या रिकाम्या कपाटात ठेवू दे. (माझ्याकडे का नाही? माझ्या भिंतीला ओल आहे, माझ्याच झग्याच्या पाठीवर बुरशीने नकाशा काढला आहे.) कपाट रिकामं आहे आणि त्याची किल्ली हरवली आहे, हे तू इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगितलं आहेस की मला पाठ झालं आहे. कुलूपवाला मी आणतो. याहून जास्त मी तुझ्याकडे काहीही मागणार नाही.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, तुझ्या गुडघ्यांना आराम.

तुझा,
मोठ्या पायांचा धाकटा

ता. क. हे पत्र तुला ज्यांनी आणून दिलं, बटणं गळ्यापर्यंत लावलेले, तेच कवळीवाले. तुझं वाचून होईपर्यंत ते दारातच उभे राहतील, बस म्हटलं तरी बसायचे नाहीत. हातातल्या पिशवीत झगा आहे. तू नाही म्हणालीस तर ते तिथून सरळ बाईंच्या शाळेत जातील. त्यांना आत घे आणि चहा दे. कसाही झाला तरी चांगला म्हणतील.

ता. क. २ कुलूपवाल्याचं राहू दे. भावोजी फोनवर फक्त चष्म्याबद्दल बोलले नाहीत. ते म्हणाले, "घरात कोणी नसलं की ती कपाट उघडते. गिटारीकडे बघते, कोटावरून हात फिरवते आणि पुन्हा बंद करते. तिला वाटतं मला माहीत नाही." झगा ठेवायला जागा हवी, तेव्हा कोट आणि गिटार बाहेर काढावी लागेल. तारा गंजल्या असतील. नव्या तारांचा संच कवळीवाल्यांच्या वरच्या खिशात आहे, तो कोणासाठी आहे हे मी त्यांना सांगितलेलं नाही. रविवारी आम्ही सगळे तुझ्याकडेच वाजवायला येतो. मधली जागा तुझी.

ता. क. ३ किल्ली साखरेच्या डब्यामागे आहे, हेही भावोजींनीच सांगितलं. तेव्हा ती हरवली आहे असं निदान दारात उभ्या असलेल्या माणसाला सांगू नकोस.