घट्ट हात, सैल हात

प्रिय बाई,

तुझं पार्सल काल दुपारी पोचलं. आणून देणाऱ्याने सही मागितली, मी केली, आणि तो जिना उतरेपर्यंत मला वाटत होतं की तू मला काहीतरी पाठवलं आहेस. मुद्दाम, माझ्यासाठी. कात्री आणायला आत गेले तेव्हा मी चक्क गुणगुणत होते. हे तुला कळलंच पाहिजे, कारण त्यानंतर मी खोकं उघडलं.

आत माझीच विणकामं. पिवळी टोपी, किटलीचं झाकण, घरात घालायचे मोजे, तो मफलर आणि तळाशी सोफ्यावरचं पांघरूण. सगळं धुतलेलं, घडी घातलेलं, मध्ये पातळ कागद. मोज्यांत कागदाचे बोळे, आकार बिघडू नये म्हणून. अगं, कुणाच्या तोंडावर दार लावायचंच असेल तर निदान आपटावं. बिजागरीला तेल घालून कसलं लावतेस?

आणि वर ती चिठ्ठी. आदरणीय काकू, या वस्तू तुमच्या घरच्या आहेत, आता माझ्याकडे ठेवणं योग्य वाटत नाही, तब्येतीची काळजी घ्या. काकू? काकू तर मी भाजीवाल्याचीही आहे. लग्न होऊन आलीस तेव्हा मीच तुला बजावलं होतं की मला आई म्हणू नकोस, तुला तुझी आहे. तू शहाणी, अहोवर भागवलंस. पण त्या अहोमध्ये काय काय मावायचं. बाजारातून येताना फोनवर नुसतं अहो म्हणालीस तरी मला कळायचं की पिशवी जड आहे, खाली उतरा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेल्या बाईला आवाज वाचता येतात. काकू या शब्दात मात्र काही ऐकू येत नाही. लाइन मेलेली असावी तसा तो शब्द आहे.

मी तुला बाई का म्हणते, हे विसरली असशील तर आठवण करून देते. निवृत्त झाले तेव्हा मी घरादाराचा जीव खाल्ला होता. खोलीभर ऑपरेटर मुलींवर आवाज चढवायची सवय, आणि समोर उरलात तुम्ही दोघं आणि जिना झाडणारा. त्याने तर माझ्या मजल्यावर येणंच सोडलं. एका रविवारी तू माझ्या मांडीवर लोकरीचा गुंडा आणि क्रोशाची सुई ठेवलीस आणि म्हणालीस, अहो, तुमचे हात रिकामे राहिले की जीभ काम करते. माझ्या घरात माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत तू साखळी घालायला घेतलीस.

मी सांगितलं की हे मला येत नाही आणि येणारही नाही. शाळेत शिवणाच्या तासाला सिस्टरने माझा रुमाल सगळ्या वर्गासमोर दोन बोटांत धरला होता, मेलेला उंदीर धरावा तसा, आणि उभ्या उभ्या शेवटच्या टाक्यापर्यंत उसवला होता. इंग्रजीत शाबासकी, शिवणात शोभा, असा माझा शाळेतला लौकिक. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, मी काही उसवणार नाही, जे होईल ते होईल. आणि खरंच उसवलं नाहीस. म्हणून तर तो मफलर झाला. ओळ वळवताना घातलेली साखळी हाच पहिला खांब, म्हणजे उभा टाका, धरायचा, हे मला पटेना. मी साखळीही घालायची आणि तिच्या पायाशी आणखी एक खांबही. ओळ वळली की एक टाका वाढलेला. वीतभर रुंदीने सुरू झालेला मफलर दुसऱ्या टोकाला टेबलावर अंथरण्याजोगा झाला. तू तो गळ्यात घालून ऑफिसला गेलीस. आल्यावर सांगितलंस, साहेबांनी विचारलं हे काय आहे, तर मी म्हटलं, मफलर आहे, पुढच्या हिवाळ्यापर्यंत शाल होईल. त्या दिवसापासून विणायला बसलं की तू बाई आणि मी ढ.

तोच मफलर काल माझ्याकडे परत आला, योग्य वाटत नाही म्हणून.

मी काय कमी लोकांना विणून दिलं? शिकल्यावर मला चेवच चढला होता. धाकट्या बहिणीला पर्स दिली, तिने अगं बाई किती सुंदर म्हणून कपाटात टाकली, ती अजून तिथेच आहे. चिरंजिवांना लॅपटॉपचं कव्हर दिलं, ते त्याने गाडीची काच पुसायला घेतलं. माणूस दिलेल्या वस्तूचं काय करतो ते मी बघून ठेवते, माझा स्वभावच तसा. आणि तू त्या मोज्यांची टाच झिजवलीस, मला रफू करायला लावलंस, पुन्हा झिजवलीस. काल मी टाचेला बोट लावून बघितलं. माझ्या रफूवर आणखी एक रफू आहे, तुझ्या हातचं. म्हणजे इथून गेल्यावरही तू ते घालत होतीस. मग एकाएकी योग्य-अयोग्य कुणी शिकवलं तुला?

मला ठाऊक आहे कुणी. चिरंजिवांच्या दुसऱ्या लग्नाची बातमी तुझ्या कानावर आली असणार. त्याने मला कसं सांगितलं ते ऐक. फोन केला, हवापाण्याचं बोलला, मग म्हणाला, आई, तू यात भावनिक होऊ नकोस. नको त्या माणसाचा फोन कसा तोडायचा, हे मला कुणी शिकवायला नको. तोडला. त्याने पुन्हा केला, मी पुन्हा तोडला. तुमचं मोडलं तेव्हाही हाच सूर होता. जेवणाच्या टेबलाशी तुम्ही दोघं बसलात आणि तो म्हणाला, आम्ही ठरवलंय. आम्ही म्हणे. तू ताटाकडे बघत होतीस. त्याचं दुसरीकडे जुळलंय हे मला नंतर कळलं, तेही त्याच्याकडून नाही. तू आधीपासून जाणत होतीस आणि माझ्यासमोर ब्र काढला नाहीस. माझ्या मुलाची अब्रू माझ्यापासून झाकायला तुला कुणी सांगितलं होतं? किल्ली फ्रिजवर ठेवून गेलीस, खालच्या कप्प्यात माझ्यासाठी ब्रेड आणून ठेवून. मी तो ब्रेड फेकून दिला, हेही आज सांगून टाकते.

मग वकिलांकडे वाटण्या झाल्या. पलंग कुणाचा, फ्रिज कुणाचा, सगळं ठरलं. सासू कुणाच्या वाट्याला आली, ते कुणी वाचून दाखवलं नाही. धाकटी बहीण मला समजावते, बरं झालं मूलबाळ नव्हतं, सुटलात सगळे. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मूल असतं तर निदान त्याची आजी म्हणून तुझ्या दाराची बेल वाजवायला मला कारण मिळालं असतं. आता कोण म्हणून वाजवू? तू तर उत्तर देऊन टाकलंस, काकू म्हणून.

ती नवी येऊन गेली. बाई वाईट नाही, हीच तर अडचण आहे. उंबरठ्यातच आई म्हणाली. मी विणते हे ऐकून येताना दुकानातलं यंत्रावर विणलेलं टेबलक्लॉथ घेऊन आली, प्रत्येक टाका शेजारच्यासारखा, एकाही जागी माणूस चुकलेला नाही. वर म्हणाली, आमच्या लग्नात मला तुमच्या हातचं काहीतरी हवं, लाडाने. मी म्हटलं, हात दुखतो. ते खरंही होतं, म्हणून माझी पंचाईत झाली नाही.

आता त्या पांघरुणाबद्दल. बाकी सगळं मी गिळलं असतं, पण ते तू कसं पाठवू शकलीस? त्यातले निम्मे चौकोन तुझे आहेत. लोकर एक, सुई एका मापाची, तरी माझा हात घट्ट म्हणून माझे चौकोन आक्रसलेले आणि तुझा सैल म्हणून तुझे ऐसपैस. तू म्हणायचीस, एक नंबर मोठी सुई घ्या. मी म्हणायचे, तू लहान घे. दोघींनीही सुई बदलली नाही. जोडल्यावर ते मध्ये फुगलं आणि कडेला चुरगळलं, आणि चिरंजीव म्हणाले हे पांघरूण आहे की भांडण. दिलेलं परत करतात, तेवढं समजलं. पण स्वतःच्या हातचं परत करणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली.

मग मीही ठरवलं, तुझं तुला. कात्री घेऊन बसले, एकेक चौकोन सुटा करायचा, माझे माझ्याकडे, तुझे त्याच खोक्यात घालून तुझ्या पत्त्यावर. पण जोडणीचे टाके तुझे. विणताना इतका सैल हात असणाऱ्या मुलीने जोडताना असे काही गच्च टाके घातले आहेत की कात्रीचं टोक आत शिरेना. जोर लावला आणि अंगठा अडकला. वाकला तो सरळ होईना. दुसऱ्या हाताने ओढून सोडवावा लागला, डोळ्यांत पाणी आलं. दुखण्याचं होतं, उगाच दुसरा अर्थ काढू नकोस. एकही चौकोन सुटला नाही.

हा अंगठा बरेच दिवस असाच अडकतो आहे. अक्षर बघून तुझ्या लक्षात आलंच असेल. गेल्या आठवड्यात डॉक्टरकडे गेले, त्याने सांगितलं, छोटंसं ऑपरेशन, त्याच दिवशी घरी, पण हात काही दिवस बांधलेला राहील, बरोबर कोण आहे? मी म्हटलं, माझं माणूस येणार आहे. त्याने कोण ते विचारलं नाही. घरी आल्यापासून तुला फोन लावायला कारण शोधत होते. सगळ्या गावाचे फोन जोडून दिले मी, आणि मला तुझा एक नंबर फिरवता येईना. तेवढ्यात पार्सल आलं. मला वाटलं, हिला कळलं कसं. म्हणून ते गुणगुणणं.

ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे, सकाळी. चिरंजिवांनी नर्स ठेवतो म्हटलं. ती नवी म्हणाली, मी येते ना आई. मी दोघांना सांगितलं, ठरलंय माझं. कुणीतरी माझे केस विंचरायचे आहेत, कपड्यांची बटणं लावायची आहेत, दोन दिवस घास भरवावा लागला तर तेही करायचं आहे. माझ्या अंगाला हात लावायची मुभा मी आजवर फार थोड्यांना दिली, आणि या वयात यादी वाढवायची माझी इच्छा नाही. रजा काढ. येणार नसशील तर कळवू नकोस. मी तयार होऊन खाली फाटकाशी उभी राहीन, उशीर झाला तरी राहीन. हॉस्पिटलात शिरल्या शिरल्या काउंटरवरची मुलगी तुला विचारेल की पेशंटच्या तुम्ही कोण. तिला उत्तर तू द्यायचं आहेस. मी शेजारी उभी असेन आणि मध्ये एक शब्द बोलणार नाही.

तुझीच,
ढ