डँडीला रस्ता पाठ आहे

लँकेस्टर, पेनसिल्वेनिया
१२ एप्रिल

चि. सौ. मलिंडा हिस दादाचे अ. आ. वि. वि. आम्ही सर्व देवदयेने खुशाल. मटार पेरून झाले.

घोडा घेतला. जुनी घोडी आता गावापुरतीच चालते. नवा डँडी तांबूस रंगाचा, मागचा डावा पाय पांढरा. लोक घोड्याचे दात पाहतात, मी चालीचा आवाज ऐकतो. बग्ग्या बांधायला मला कोणी शिकवलं नाही, मोडक्या बग्ग्या सोडवून सोडवून शिकलो. घोड्यांचंही तसंच.

आता गंमत ऐक. व्यापाऱ्याकडून घरी येताना, आपल्या वळणाशी मी लगाम ओढायच्या आत डँडी आपणहून आत वळला. तेही गोठ्याकडे नाही, थेट धुण्याच्या खोलीमागे, अक्रोडाखाली जाऊन उभा राहिला. पहिल्याच दिवशी मालकाचं मन ओळखणारं जनावर तू पाहिलं आहेस? तुझ्या वहिनीला सांगितलं, तर ती नुसतं हो का म्हणाली आणि एप्रन तोंडाला लावून आत गेली. नेओमीला घोड्यांतलं काही कळत नाही.

आपल्या धाकट्या सलोमाने घोडा पाहिला आणि अंड्यांची टोपली हातातून सोडली. पोरीचं लक्षच नसतं. अन्न तुटलं आहे. रविवारी संध्याकाळी तरुण मंडळी गाणी म्हणायला जमतात, तिथे महिनाभर गेली नाही. तुमच्याकडच्या शाळेला मास्तरीण हवी आहे ना? म्हणते, मी जाते आत्याकडे, कायमचीच. मेअखेर कळवतो म्हटलं. पण मलिंडा, थोरल्या सगळ्या आपापल्या घरी गेल्या. टेबलाशी ही एकच उरली आहे. ती खुर्ची रिकामी होणार, या विचाराने मलाच घास उतरत नाही.

मुलांना आशीर्वाद. पत्राला उशीर करू नकोस.
तुझा दादा, एलाम

पार्क परगणा, इंडियाना
२१ एप्रिल

ती. दादास मलिंडाचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मोठ्याने वाचत होते, अक्रोडापाशी आले आणि हसून डोळ्यांना पाणी आलं, पुढे वाचवेना. हे घाबरले, कोण गेलं म्हणून विचारू लागले.

दादा, घोडा मालकाचं मन ओळखत नाही. त्याला जिथे तासन् तास बांधून ठेवतात ती जागा ओळखतो. धुण्याच्या खोलीवर खिडकी कोणाची आहे, तेवढं बाहेर जाऊन बघून ये. मुलीकडे शनिवारी कोण येतं हे आईबापांना माहीत नसतं, असं मानायची आपल्या अमिश घरांची रीत. तू ती इतकी पाळलीस, की तुला खरोखरच माहीत नाही. वहिनी एप्रनमध्ये का हसली ते आता कळलं ना?

हसणं पुरे. मुलगा येत होता, महिनाभर येत नाही, आणि त्याचा घोडा बाजारात. मुलीला काय वाटणार? त्याचं मन भरलं, म्हणून घोडा विकून रस्ताच मोडून टाकला. तसं असेल तर पाठव तिला, मी पोटाशी धरीन. पण तो अडचणीत सापडला असेल तर? त्याला शोध. सलोमाला मात्र अवाक्षर विचारू नकोस. ही अक्कल मी आमच्या शाळेचं नुकसान करून देते आहे, हे ध्यानात असू दे.

वहिनीस नमस्कार. माझ्यावर रागावलास तरी पत्र टाक.
तुझी मलिंडा

लँकेस्टर
५ मे

चि. सौ. मलिंडा हिस अ. आ. वि. वि. दोन दिवस रागावलो होतो. खिडकी सलोमाचीच आहे.

व्यापाऱ्याला गाठलं. घोडा डोंगरापलीकडच्या ग्लिकांच्या बेन्युएलचा निघाला. तुमच्या बग्गीचं चाक तपासायला आलो, असं निमित्त करून डँडीला जुंपून त्यांच्याकडे गेलो. चाकाला काही झालं नव्हतं, तरी मी ते काढलं, पुसलं, पुन्हा बसवलं. काम म्हटलं की ते नीट करायचं.

पोरगा शेतात खेचरांमागे होता. त्याला पाहून डँडी असा खिंकाळला की सगळा शेजार दारात आला. बेन्युएल मला पाहून पांढराफटक पडला, मग घोड्याच्या मानेत तोंड खुपसून बराच वेळ उभा राहिला. त्याचा बाप गवताच्या माळ्यावरून पडला, मांडीचं हाड मोडून अंथरुणावर आहे. त्यात ऐन नांगरणीत एक खेचर मेलं. जोडी पुरी करायला पोराने आपला घोडा देऊन खेचर आणलं. बापाच्या म्हाताऱ्या घोडीला आमचा डोंगर चढवत नाही.

मी विचारलं, या घोड्याला खोड काही? म्हणाला, खोड नाही, फक्त डोंगराकडे तोंड झालं की थांबत नाही. मग मी झाडाकडे बघत म्हटलं, जिकडे जायचं असेल तिकडे निदान दोन ओळी तरी पाठवायच्या. तो मातीकडे बघत म्हणाला, “बिनघोड्याचा माणूस काय लिहिणार? येतो असं लिहायचं, तर येणार कसा?”

मलिंडा, आपल्या मुलीचं नाव त्याने घेतलं नाही आणि मीही घेतलं नाही. मी एवढंच म्हणालो, “हा माझ्याकडे नुसता उभा राहून लठ्ठ होतोय. पेरण्या होईपर्यंत तू ठेव. पण दर शनिवारी याला लांब फिरवून आणत जा. रस्ता याला पाठ आहे.”

घोडा आणि बग्गी तिथेच ठेवली आणि दुधाच्या ट्रकमधून घरी आलो. ड्रायव्हर म्हणाला, मोटार तर तुम्ही बाळगत नाही, आणि घोड्याशिवाय अमिश माणूस मी पहिल्यांदाच पाहतोय, धर्म सोडलात की काय?

घरी सांगितलं, घोडा ओळखीच्या माणसाकडे सरावाला ठेवलाय. सलोमाने कोणाकडे म्हणून विचारलं नाही, पण ताटात बटाटे दुसऱ्यांदा वाढून घेतले. शनिवारी आम्ही नवराबायको उजेड असतानाच झोपायला गेलो. नेओमी म्हणाली, घोरा. मला खोटं घोरता येत नाही, ते तिनेच केलं.

तब्येत सांभाळ. आमचा लोभ आहेच, तोही सांभाळ.
दादा

पार्क परगणा
२ जून

ती. दादास शि. सा. न. वि. वि. सलोमाचं पत्र शाळेच्या मंडळींना पोचलं. येत नाही म्हणते, कारण दिलेलं नाही. आमचे लोक हळहळले, मीही त्यांच्याबरोबर तोंड पाडून बसले. आता शाळेला मास्तर म्हणून आमच्या शेजारच्या हेझकायाचा पोरगा उभा राहतोय. त्याला स्वतःलाच पाढे येत नाहीत. हे पाप तुझ्या डोक्यावर.

खरी बातमी काय? मला तरी सांग.
तुझी मलिंडा

लँकेस्टर
३० जुलै

चि. सौ. मलिंडा हिस अ. आ. वि. वि. कसली बातमी? चर्चमध्ये लग्नांचा पुकारा होईपर्यंत बातमी नसते, आणि पुकारा ऑक्टोबरात होतो. तंबाखूचं पीक बरं आहे. गव्हाची मळणी झाली. ग्लिकांकडचा म्हातारा काठी घेऊन चालू लागला, असं कानावर आलं.

एक किरकोळ गोष्ट. यंदा मायलेकींनी परसात सेलरीच्या भाजीची रोपं लावली. आपल्याकडे लग्नघरी सेलरी किती फस्त होते हे तुला सांगायला नको, त्यामुळे शेजारणी कुंपणावरून वाकून वाकून बघतात. मी नेओमीला विचारलं, एवढी सेलरी कशाला? म्हणाली, सूपला. सलोमा म्हणाली, हो, सूपला. दोघी गंभीर होत्या.

मीही गंभीरपणे वाफ्याभोवती एक फेरी मारली. आपले आप्त, चर्चची मंडळी, डोंगरापलीकडची माणसं असा मनाशी हिशेब केला. पुरणार नाही. कुदळ आणली आणि वाफ्याला लागून तेवढाच दुसरा वाफा खणायला घेतला. सलोमा दारातून बघत होती. जरा वेळाने ती खाली आली, आणि माझ्यामागोमाग एकेक रोप लावत गेली.

नोव्हेंबरातले लग्नांचे गुरुवार मोकळे ठेवावेत, हे उत्तम. का ते विचारू नये.
तुझा दादा, एलाम