शेड, छाप आणि जीवनचा हात

मी ठमाबाई काशिराम पांचाळ, वय आधार कार्डावर चौऱ्याहत्तर, खरं त्याहून दोन जास्त, राहणार उरण नाक्यामागे, पनवेल, जिल्हा रायगड. धंदा घडीच्या चाकूंना मुठी बसवणे. वकीलबाई स्नेहल जोगळेकर यांनी नमुन्यात "धंदा गृहिणी" टाइप केलं होतं, ते मी खोडलं आहे. पन्नास वर्षं म्हशीचं शिंग उकळलं, शिसम घासलं, मुठीत रिपीटचे खिळे ठोकले, आणि कागदावर गृहिणी?

माझं डोकं जागेवर आहे. डॉक्टर समृद्धीने वार विचारला, तो सांगितला. मग शंभरातून सात-सात वजा करत जा म्हणाली. मी म्हटलं, तूच कर, तू शिकलेली आहेस. तिने लगेच दाखला दिला. मला कोणी धमकावलेलं नाही, तेवढी छाती घरात कोणाची नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हे माझ्या हाताने लिहीत आहे. दुसरीपर्यंत शिकले, म्हणून अक्षर मोठं आहे आणि कागद जास्त लागले. बाई म्हणाल्या, "आजी, मालमत्तेपुरतं लिहा, बाकीचं वगळा." बाकीचं वगळलं तर मालमत्ता अशी का वाटली ते मागे राहणाऱ्यांना कळणार कसं? म्हणून सगळं लिहिते.

कलम १. घर. माझा थोरला मुलगा गुरुदत्त आणि सून मिताली माझ्याबरोबर ज्या दोन खोल्यांत राहतात, त्या दोघांच्या नावाने कराव्या. मितालीचा चहा पाण्यासारखा असतो, पण वेळेवर मिळतो. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तिने महिनाभर नाक न मुरडता केलं, हे मी विसरलेली नाही. फक्त स्वयंपाकघरातला शिंगाच्या मुठीचा चाकू तिने आंबा कापून तसाच सिंकमध्ये टाकायचा बंद करावा. ते ट्रकच्या कमानपाट्याचं पातं आहे, स्टेनलेस नाही. पुसायचं, खोबरेलाचं एक बोट फिरवायचं, मिटायचं. एवढं केलं तर तो चाकू तिच्या सुनेलाही पुरेल.

कलम २. पोस्टातले पैसे माझ्या क्रियाकर्माला वापरावे, उरतील ते दोन्ही मुलांनी अर्धे-अर्धे घ्यावे. पाटल्या नात मनस्वीला, म्हणजे धाकट्या जीवनच्या मुलीला. माझी हिरवी नऊवारी कोणाला देऊ नये. ती माझ्या अंगावर घालून मला न्यावं, ट्रंकेत ठेवून पोरींनी तिचे ड्रेस शिवायला नकोत.

कलम ३. शेड. नाक्यामागची पत्र्याची शेड, भट्टी, ऐरण, हातोडे, कानशी, शिंगाचा प्रेस आणि "का" अक्षराची, म्हणजे मालकांच्या नावाची, पात्यावर ठोकायची छाप, एवढी ही मालमत्ता आहे. ती कोणाला, हे पुढे लिहिलं आहे. आधी ती काय आहे ते लिहिते, कारण गुरुदत्त म्हणतो, "आये, हाय काय त्या शेडमध्ये? राख न् भंगार." विमानतळाचं काम निघाल्यापासून एक बिल्डर दर महिन्याला पेढे घेऊन येतो, त्याचेच हे शब्द आहेत. पेढे मी खाते. शेड देत नाही.

मालक, म्हणजे माझे यजमान, घडीचे चाकू करायचे. दुकानात ठेवायला नाही, एकेका माणसाच्या हातासाठी. पळस्प्याच्या गॅरेजमधून रहीमभाई तुटलेले कमानपाटे आणून द्यायचे. मालक ते तापवून ठोकायचे, पातं घडवायचे. मग लाल करून तिळाच्या तेलात बुडवायचे आणि परत हळू तापवायचे, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग येईस्तोवर. रंग एक श्वास पुढे गेला की पातं मऊ, एक श्वास मागे राहिला की ठिसूळ. त्या वेळी शेडमध्ये कोणी खोकायचं नाही.

मूठ माझी. शिंग उकळून दाबायचं, पितळेच्या पट्टीवर बसवायचं, सांध्यावरून नख फिरवलं तर अडकता कामा नये. चांगला चाकू कसा ओळखावा ते लिहून ठेवते, उद्या ऑनलाइन कोणी फसवायला नको. मिटलेला चाकू उजेडासमोर धरा, पात्याच्या दोन्ही अंगांना उजेडाची सारखी रेघ दिसली पाहिजे. उघडताना आधी जड, मध्ये एक थांबा, आणि मग खट. आवाज एकच यायला हवा, दोन आले तर पाठीची कमान ढिली. लोक म्हणायचे, "काशिरामचा चाकू म्हणजे काय!" अर्धा चाकू ठमाबाईचा होता, हे एकानेही म्हटलं नाही. ते आता म्हणावं.

पात्याला मालकांनी मला नऊ वर्षं हात लावू दिला नाही. बाईचा हात लागला की धार जाते म्हणायचे. मी कोन गावच्या लोहाराची मुलगी, माहेरी मी भाता ओढायचे, कोयते ठोकायचे. पण ऐकते कोण? नऊ वर्षांनी त्यांनी मला एक काम दिलं, नखाची खाच पाडायचं. चाकू एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचं नख ज्या खाचेत घालून पातं ओढतात, ती खाच. पातं मऊ असतानाच ती पाडायची असते, एकदा कडक झालं की कानस वरून नुसती घसरते. त्यानंतरच्या प्रत्येक चाकूची खाच माझी आहे.

आता गिऱ्हाइकाची रीत. धारेची वस्तू आमच्यात हातातून हातात देत नाहीत, भांडण लागतं. मालक एक जुना चाकू पाटावर ठेवायचे आणि म्हणायचे, "उचल." कुठला हात पुढे येतो ते बघायचे. मग त्या पंज्याची रेघ पुठ्ठ्यावर मारायची. माणूस डावखुरा असला की खाच पात्याच्या पलीकडच्या अंगाला. रहीमभाईंचा अरीब कुवेतहून आला तेव्हा म्हणाला, "चाचा, अब्बांना सरप्राइज द्यायचंय, माप माझंच घ्या." मालक म्हणाले, "चाकू तुजा नाय, तर हात पन तुजा नको. बापाला घेऊन ये." रहीमभाई आले, पाटावरचा चाकू उचलला, आणि इतके दिवस लोखंड पुरवूनही आपल्याला चाकू नव्हता म्हणून तिथेच मालकांना शिव्या घातल्या.

परक्या माणसाचा हात आम्ही असा बघायचो. आता घरचं लिहिते.

कलम ४. हे कलम मालमत्तेचं नाही. वकीलबाईंनी यावर पेन्सिलने फुली मारली होती, ती मी खोडरबराने पुसली.

जीवन लहानपणी डाव्या हाताने जेवायला लागला की मी त्या हातावर पळी मारायचे. प्रसाद डाव्या हातात घेतला की मारायचे. तो उजव्याने जेवायला शिकला, मला वाटलं, मोडली सवय. चौदा वर्षांचा झाला तेव्हा मालकांनी त्याच्यासाठी चाकू केला. त्याला पाटावरून उचलायला कोणी सांगितलं नाही. घरच्या पोराचं माप कोण घेतं? मी नेहमीच्या अंगाला खाच पाडली, मूठ बसवली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाल्यावर चार माणसांसमोर तो त्याच्यापुढे ठेवला. त्याने घाईत डाव्या अंगठ्याने पातं ओढलं. त्या अंगाला खाचच नव्हती. नख घसरलं, कमान नवी कोरी, पातं खाडकन मिटलं बोटावर. तीन टाके पडले.

मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्याच्या हातात काय नाय. लोखंड ह्याला वळखत नाय." त्याच दिवशी त्याला शेडबाहेर काढलं. मी बोटाला फडकं धरून होते. मीही म्हटलं, "बघून करत जा."

गुरुदत्तला शेडमध्ये घेतलं, तो सहा वर्षांनी शेड सोडून टेम्पो चालवायला लागला. जीवन तळोज्याच्या कंपनीत लागला, आजही शिफ्ट करतो. तेव्हापासून घरात एकच बोलणं. काचेचं भांडं असलं की, "जीवनच्या हातात देऊ नका." त्याच्या लग्नात मंगळसूत्र बांधताना गुरुदत्त मांडवात ओरडला, "सांभाळ, टाके पडतील!" सगळे हसले. मी पण हसले.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत मनस्वी शेडमध्ये आली. एक चाकू उचलला आणि म्हणाली,

"आजी, हा उलटा आहे."

"उलटी तू आहेस. नीट धर."

"नीटच धरलाय. माझं नख लागतच नाही कुठे. डावखुऱ्यांसाठी नाही का करत तुम्ही?"

"करतो की. खाच पलीकडून..." एवढं बोलून मी तिच्या डाव्या हाताकडे बघितलं. मग विचारलं, "तुझ्यात हे डावं आलं कुठून?"

"पप्पांकडून. पप्पा घरी सगळं डाव्यानेच करतात. जेवतात उजव्याने, ते पण फक्त तू असलीस की."

मालकांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्यावर ढकलता आलं असतं, पण खाच त्यांची नव्हती. वर्ष झालं, मी जीवनला सांगितलेलं नाही. कागदावर सांगते आहे: जीवन, तुझ्या हातात खोट नव्हती. चाकू चुकीचा होता आणि तो मी चुकवला.

कलम ५. म्हणून कलम ३ मधली शेड, सगळी हत्यारं आणि छाप माझा धाकटा मुलगा जीवन काशिराम पांचाळ याला द्यावी. गुरुदत्तने वाद घालू नये, त्याला घर मिळालं आहे आणि पेढेही त्यानेच जास्त खाल्ले. <s>अट: कंपनीतून सुटल्यावर जीवनने भट्टी पेटवावी आणि वर्षाला निदान एक चाकू करावा. न केल्यास शेड विकून दोघांनी वाटून घ्यावी.</s> (खोडलं आहे ते मीच, बाजूला माझी आणि साक्षीदारांची सही आहे. कारण कलम ७ मध्ये.)

कलम ६. पंज्यांच्या पुठ्ठ्यांची पेटी मनस्वीला. त्यातले बरेच हात आता नाहीत. कोणाचा मुलगा, नातू मागायला आला तर बापाचा पंजा त्याला द्यावा, फुकट. चहा विचारावा, ओळख नसली तर विचारू नये.

कलम ७. हे नंतर लिहिलं. बाई म्हणतात, कागद सगळा नव्याने लिहा. माझी बोटं एवढी स्वस्त नाहीत.

मेल्यावर चूक कबूल करणं म्हणजे दुकान बंद झाल्यावर माल परत घ्यायला उभं राहणं. म्हणून गेल्या रविवारी जीवनला शेडमध्ये बोलावलं. साक्षीला रहीमभाई बसले होते. मी कलम चार वाचून दाखवलं. मध्ये दोनदा पाणी प्यायले, मला खोकला आहे. जीवन खाली बघत होता. वाचून झालं तेव्हा म्हणाला,

"आये, मला ठाऊक हाय."

"काय ठाऊक?"

"खाचेचं. टाके निघाले त्याच आठवड्यात समजलं."

"मग बोलला का नाय?"

"खाचा तू पाडायचीस. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी तुला परत पात्याला हात लावू दिला असता? नऊ वर्षं थांबली होतीस. मी काय, कुठंपण लागलो असतो."

"गाढवा," मी म्हटलं, "तेहतीस वर्षं?"

"तू पन वरीसभर गप्पच होतीस ना?"

रहीमभाई हसायला लागले. "भाभी, दोघं एकाच कमानपाट्यातले. वाकत नाय, बोलत नाय."

तेव्हा जीवनने पँटच्या खिशातून तो चाकू काढला. तोच. शिंग काळं पडलेलं, कडा हाताने झिजून गुळगुळीत. मला वाटलं होतं, खाडीत टाकला असेल. त्याने तो पाटावर ठेवला, मग डाव्या हातानेच उचलला, उजव्यात धरला आणि डाव्या अंगठ्याने उघडला. एक खट, दुसरा आवाज नाही. मी चष्मा लावला. पात्याच्या पलीकडच्या अंगाला दुसरी खाच होती.

कडक पात्यावर खाच पडत नाही, हे वर लिहिलं आहे. मी विचारलं, कशी पाडलीस? म्हणाला, धार लावायच्या दगडाचा एक तुकडा फुटलेला होता, त्याच्या कडेने घासली. तीन महिने लागले. मी आणि हे शेडमध्ये असायचो तेव्हा मागच्या मोरीवर बसून. पात्याचा रंग कुठे बिघडलेला नाही, म्हणजे घाई करून तापू दिलं नाही. कडेला ओरखडा नाही. बोटाला टाके पडलेलं पोर, ज्याला बाप म्हणाला याच्या हातात काही नाही.

मालकांनी ते बघायला हवं होतं. मी बघितलं, तेवढं पुरे.

म्हणून अट काढली. असं काम चौदाव्या वर्षी करून खिशात ठेवणाऱ्याला, वर्षाला एक चाकू करून दाखव म्हणून सांगणारी मी कोण? शेड त्याची. चालवावी, कुलूप लावून ठेवावी, नाहीतर आत सुकट वाळवावी, कोणी विचारू नये. "का" ची छाप त्याने जपून ठेवावी आणि काम केलं तर स्वतःची पाडून घ्यावी.

आणखी एक, खोटं लिहून मरायचं नाही म्हणून. दोन्ही खाचा मी भिंगाखाली आलटून-पालटून बघितल्या. माझी थोडी वाकडी आहे.

ठिकाण: पनवेल, शेडमध्ये बसून
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५
सही: ठमाबाई काशिराम पांचाळ (अंगठा नाही, सही)

हा कागद ठमाबाईंनी आमच्यासमोर स्वतः वाचला, खोडलेलं दाखवलं आणि सही केली. आम्हाला यातलं काहीही मिळायचं नाही.

साक्षीदार १: रहीम मुकादम, पनवेल
साक्षीदार २: डॉ. समृद्धी घरत, पनवेल