चढावरची ट्रायल

सर, काल आमच्या अंगणात, निंबाच्या सावलीत, मी पिकअपच्या टर्बोचा अ‍ॅक्च्युएटर बदलला. तुमच्या वेळी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये हा भाग नव्हताच, म्हणून आधी तुम्हालाच समजावून सांगते. आयुष्यात एकदा तरी मला तुम्हाला काही शिकवू द्या. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. ती हवा केव्हा आणि किती कोंबायची हे एका बारीक दांडीनं ठरवणारा, आमटीच्या वाटीएवढा एक बंद डबा असतो, तो अ‍ॅक्च्युएटर. त्याच्या आत रबराचा पडदा असतो. पडदा फाटला की दांडी अर्ध्यातच थांबते, आणि रिकामी असताना गुणी वाटणारी गाडी भरून चढाला लागली की काळा धूर सोडत बैलगाडीच्या चालीनं चालते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की कितीतरी दिवस तुमची आठवणही येत नाही, खोटं कशाला बोलू. पण हातात पाना घेतला की येते, आणि काल दुपारभर तर तुम्ही माझ्या डोक्यावर उभेच होतात.

आम्ही कळंबच्या बाजूला राहतो. आसपासच्या शेतांतून वांगी, टमाटे, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या उचलायच्या आणि सकाळच्या लिलावाला यवतमाळच्या बाजारात पोचवायच्या, हा आमचा धंदा. ‘आमचा’, म्हणजे नवऱ्याचा आणि माझा, म्हणायची सवय आहे, पण दोन वर्षांपासून गाडी मी एकटीच चालवते. माल घेऊन मीच जाते, रिकामे कॅरेट घेऊन मीच परत येते, आल्यावर भाकरी थापते, आणि गाडीनं काही कुरकुर केली की पदर खोचून बोनेटमध्येही मीच शिरते. शेजारची म्हातारी येता-जाता ऐकवते, “बाई बोनटात अन् मानूस बाजेवर, काय जमाना आला व माय!” पहिल्यांदा मी हसले होते. आता हसायलाही जोर लावावा लागतो. सर, मी थकले आहे. झोपून उतरणारा थकवा वेगळा, हा तसला नाही. हा सकाळी माझ्या आधी उठून बसलेला असतो.

तर यवतमाळच्या अलीकडच्या चढावर गाडी दम सोडायला लागली. तिसऱ्या गिअरमध्ये सहज जाणारी गाडी पहिल्यावर आली, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि लिलावाला उशिरा पोचलेल्या सांबाराची काय किंमत होते ते तुम्हाला माहीत आहे. गॅरेजवाल्यानं बोनेट उघडलं न उघडलं तोच सांगितलं, “ताई, पूरा टर्बोच बदलून टाका. गाडी ठेवून जा, पाहू कवा होते तं.” शेतातली भाजी ‘कवा होते’ तोवर थांबत नाही, म्हणून मी गाडी घरी आणली. तुमचं वाक्य डोक्यात होतं, “आंधी नळ्या पाह्य, मंग भागाले बदनाम कर.” आधी सगळ्या रबरी नळ्या बोटांनी दाबून पाहिल्या, कुठे चीर नव्हती. मग अ‍ॅक्च्युएटरची नळी काढून तोंडानं हवा ओढली आणि टोकावर जीभ लावून धरली. पडदा चांगला असता तर जीभ चिकटून राहिली असती. ती लगेच सुटली, आणि दांडी आपली जागच्या जागी. अंगणात उभी राहून गाडीला तोंड लावलेल्या माझ्याकडे शेजारची म्हातारी बघत होती, तिनं काय अर्थ लावला देव जाणे.

नवा भाग यवतमाळहून आणला. काम तसं मोठं नाही, पण अवघड जागी आहे. उष्णतेनं गंजलेले बोल्ट, त्यांना रात्रभर तेल पाजून ठेवलं होतं तरी एकानं माझा घाम काढलाच. दांडी जिथे टर्बोला अडकते तिथे नखाएवढं एक लॉक असतं, आणि ते अशा कोपऱ्यात की हात पोचतो तर डोळा पोचत नाही. तिथे तुम्ही लग्नात दिलेला आरसा काढला. आठवतो ना? दाताच्या डॉक्टरचा, लांब दांड्याचा, रुपयाएवढा. मांडवात तो डबीतून निघाला तेव्हा माझ्या नणंदा हसून बेजार झाल्या होत्या, नवरीनं एवढ्याशा आरशात काय पाहावं म्हणून. तुम्ही शांतपणे म्हणालात, “तोंड पाह्यासाठी नाई दिला. मांगची बाजू पाह्यासाठी दिला.” त्या आरशात बघत लॉक काढलं, जुना आणि नवा भाग स्वयंपाकघराच्या ओट्यावर शेजारी ठेवून दांडीची लांबी जुळवली, नवा बसवला आणि गाडी सुरू केली. दांडी अशी मऊ आत गेली की बरं वाटलं. हात धुतले आणि तिथेच पायरीवर बसून राहिले. कारण अंगणात दांडी आत जाणं म्हणजे काम झालं असं नाही, हे मला तुम्हीच शिकवलेलं. खरं काय ते भरल्या गाडीनं चढावर कळतं. आणि तिथेच माझी खरी अडचण होती.

वर्गात मी एकटी मुलगी. आठवतं, सरावाच्या जुन्या जीपचं काम मी एकटीनं पुरं केलं होतं, कुणाला हात लावू दिला नव्हता. झालं की तशीच स्टेरिंगवर बसले, मैदानाला फेरी मारली आणि ओरडून सांगितलं, सर, एकदम झकास! तुम्ही गाडीपुढे येऊन उभे राहिलात. सगळी पोरं बघत होती. “उतर खाली. तूच दुरुस्त केली अन् तूच चालवशीन, तं चुकी कोन सांगन? तुले आपोआप कळते कुठं पाय हलका ठेवाचा. दुसऱ्याले चालवू दे. तू बाजूले बस अन् मुकाट आइक.” दुसऱ्या पोरानं गाडी घेतली आणि वळणावर ती अशी कण्हली की माझे कान लाल झाले. मी शेडच्या मागे जाऊन रडले. त्या रविवारी काहीतरी निमित्त काढून मी तुमच्या घरी आले, विहाराच्या मागच्या गल्लीत. स्वयंपाकघरात काकू पाटोडीचा रस्सा करत होत्या. त्यांनी चव न घेता पहिली पळी माझ्या तळहातावर टेकवली, “मीठ पाह्य व, मले नाई कळत, मीच रांधून राह्यली ना.” तुम्ही दारात उभे होतात. म्हणालात, “माह्या वर्कशॉपचा कायदा या चुलीपासून सुरू झाला, समजली?” मीठ जरा कमी होतं. सांगायला मी घाबरत होते, आणि सांगितल्यावर काकू इतक्या खूश झाल्या की मला दोनदा वाढलं.

लग्न झाल्यापासून मी केलेल्या प्रत्येक कामाची ट्रायल माझा नवरा घ्यायचा. मी बाजूला बसायची, तो चालवायचा, आणि उतरल्यावर एकच शब्द बोलायचा, ‘जमलं’ किंवा ‘नाही’. बाकी काही नको असायचं मला. दोन वर्षांपूर्वी बाजारातून परतताना, चांगलं ऊन पडलेलं असताना, स्टेरिंगवर त्याचा डोळा लागला. गाडी रस्ता सोडून तुरीच्या शेतात शिरली आणि आडवी झाली. त्याचं खरचटण्यावर निभावलं. माझं मनगट मोडलं, कपाळ फुटलं, बरंचसं रक्त गेलं, एवढंच. मी बरी झाले, तो नाही झाला. बसून राहतो असं म्हणणाऱ्यांना म्हणू द्या. कॅरेट तोच भरतो, शेतकऱ्यांशी तोच बोलतो, गाडी धुतो. पण चालकाच्या बाजूचं दार उघडत नाही. मीही काही शूर नाही. तेव्हापासून दुसरं कुणी चालवत असलं की बसमध्येसुद्धा माझा पाय ब्रेक शोधत राहतो, डुलकी लागायचं तर नावच नको.

शेजारच्या एखाद्याला सांगून ट्रायल घेता आली असती. खरं सांगते, ते माझ्या मनात आलं होतं आणि मी ते बाजूला सारलं. तुमचा कायदा माझ्या हातात आयता सापडला होता. संध्याकाळी नवरा पाण्याचा तांब्या घेऊन आला तेव्हा मी म्हटलं, “उद्या ट्रायल घ्या लागते.”

“घे ना मंग.”

“म्या घेऊन नाई चालत. ज्यानं काम केलं त्यानं बाजूले बसा लागते. सरचा कायदा हाय.”

“सर जाऊन किती वर्सं झाली.”

“कायदा काहून जाईन?”

त्यानं तांब्याच्या काठावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता बोलला, “दुसरं कोनी बाजूले असतं तं एखांद्या वक्ती चालवलीबी असती. तू बसली का मले थेच दिसते. तुह्या कपायावरचं रक्त दिसते.”

यावर मी पुष्कळ काही बोलू शकले असते. दोन वर्षं मनात भांडण रचून ठेवलं होतं. पण तोंडातून एवढंच निघालं, “मी थकली आता. लय थकली.” आणि ते मी रागानं बोलले नाही, म्हणूनच बहुतेक त्याला लागलं. तो उठला, गाडीभोवती एक चक्कर मारून आला. “चढापुरतं,” तो म्हणाला. “वर पोचलं का बाजूले घेतो. पुढं तू.” मी हो म्हटलं.

आज सकाळी माल भरला, दोरी आवळली. चढाच्या पायथ्यापर्यंत मी चालवत नेली आणि गाडी कडेला उभी केली. तो उतरून माझ्या बाजूला आला. मी सरकून पलीकडे गेले. त्यानं सीट मागे घेतली, आरसा आपल्या उंचीला लावला, स्टेरिंगवर दोन्ही हात ठेवले, आणि बराच वेळ नुसता बसला. बाजूनं ट्रक जात होते. मी इंजिनाकडे लक्ष लावलं. मुकाट ऐकायचं, हेही तुमचंच. मग त्यानं गिअर टाकला. गाडी हलली, दुसऱ्यावर गेली, तिसऱ्यावर गेली. मी खिडकीला कान देऊन बसले होते, टर्बोची बारीक शिट्टी चढत होती, आणि तो हळू आवाजात स्वतःशीच काहीतरी मोजल्यासारखं पुटपुटत होता.

सर, मी एवढंच ऐकलं. तुम्ही असता तर मला पुन्हा सगळ्या वर्गासमोर खाली उतरवलं असतं. मी ट्रायल ऐकली नाही. चढ अर्धाही झाला नसेल, मला झोप लागली. भरलेली गाडी, चढाचा रस्ता, स्टेरिंगवर तो, आणि मी खिडकीच्या काचेला डोकं लावून गाढ झोपले. डोळे उघडले तेव्हा गाडी बाजारात उभी होती, हमाल कॅरेट उतरवत होते, आणि तो बाहेर उभा राहून चहा पीत होता.  चेहरा मला ओळखीचा वाटला, फार दिवसांनी.

“काही आवाज आला का?” मी विचारलं.

“आला ना. तुह्या घोरन्याचा.”

“अन् चढाले?”

“तिसऱ्यात ओढली.” त्यानं चहा संपवला. “जमलं.”

चढ संपल्यावर गाडी बाजूला का घेतली नाही, हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. येताना चावी त्याच्याच खिशात होती. आत्ता तो बाजेवर झोपलाय, आणि मी ओट्याशी बसून हे लिहिते आहे. ते कुणाला पाठवायचं नाही आणि त्याच्या हाती तर अजिबात लागू द्यायचं नाही, कारण तुमच्याशिवाय हे मी कुणाला सांगणार नाही. मला जाग बाजारात आली नव्हती. शहरात शिरतानाच्या पहिल्याच गतिरोधकावर आली होती. मी डोळे उघडले असते तर त्यानं तिथेच गाडी कडेला घेऊन मला स्टेरिंग दिलं असतं. म्हणून बाजार येईपर्यंत मी तशीच डोळे मिटून पडून राहिले, आणि मध्ये एकदा मुद्दाम घोरलेसुद्धा.