दुसरं उत्तर

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या फळ्यावर एकच वाक्य लिहिलं — ‘पहिलं उत्तर सुचलं की थांबा, दुसरं शोधा.’ सगळ्या पोरींनी वहीत उतरवलं, खाली रेघही मारली. थांबायचं कशासाठी, हे मात्र एकीनंही विचारलं नाही. माना डोलावतात नुसत्या — नंदीबैल बरे!

पण मी सोडणारी नाही. जाहीर करून टाकलं : महिनाअखेरपर्यंत जी एकही खरा प्रश्न विचारणार नाही, ती डिसेंबरात वॉर्डात जाणार नाही. मोनिका खुदकन हसली. वरवंडची म्हाळसा घाबरली. हुशार आहे पोरगी, आमच्यासारखीच मेंढरं सोडून शेतीला लागलेल्या घरातली. पण तोंड म्हणून उघडत नाही.

दुपारी आबा माझा डबा घेऊन गेटवर. सासरे असून सुनेचा डबा पोचवतात, म्हणून सगळ्या बायका माझा हेवा करतात. कपाळभर भंडारा, टोपी पिवळी, सदरा पिवळा. दर रविवारी जेजुरी, मग आठवडाभर तोच रंग. म्हाळसानं डबा आत आणून दिला. प्राचार्य मॅडम म्हणाल्या, “तुमचे सासरे म्हणजे चालताबोलता जेजुरगड.”

१९ नोव्हेंबर

मोनिकानं मैदान मारलं! वॉर्डात सिंधूबाई सिस्टरनी एका वयस्कर पेशंटला इन्सुलिन द्यायला सांगितलं. ही म्हणाली, “सिस्टर, मामांचं ताट अजून आलं नाही. आधी ताट येऊ द्यायचं का?” बरोबरच होतं तिचं. आधी सुई टोचली आणि ताट आलंच नाही, तर साखर उतरून माणूस गार पडायचा.

सिस्टर तणतणत माझ्याकडे. “तुमच्या पोरी उलट बोलाया लागल्यात.” मी म्हटलं, उलट नाही, सुलट बोलतायत. तरी गेल्या त्या प्राचार्यांकडे. मॅडमनी मला बोलावलं, ऐकून घेतलं, आणि शेवटी म्हणाल्या, चालू द्या. आज चहा गोड लागला.

२१ नोव्हेंबर

आबा पाठ खाजवतायत सारखे. हल्ली भंडाऱ्यात काय मिसळतात देव जाणे. खोबरेल दिलं.

२४ नोव्हेंबर

पंचवीस पोरींपैकी चोवीसजणींचे प्रश्न आले. काही अगदी ओढूनताणून, पण आले! राहिली म्हाळसा. तिला बोलावून विचारलं, “तुला काहीच शंका येत नाही का गं?”

“येती की मॅडम. पर मोठ्या माणसाला कसं इचारायचं?”

घरी वडीलधाऱ्यांसमोर मान खाली, इथंही तेच. मी ठणकावलं, माझ्यापुढे मोठं-लहान नाही, चुकलं तर मलाही विचारायचं. मान डोलावली तिनं. पुन्हा नंदीबैल. तिला वॉर्डातून वगळायचं माझ्याच जिवावर येईल, पण शब्द तो शब्द.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

घर पिवळंधमक! दुपारी तळी भरली. पाच-सहा पोरींना जेवायला बोलावलं होतं. भरीत-रोडगा चवीनं खाल्ला सगळ्यांनी. आबांनीच तेवढं ताट बाजूला सरकवलं. चार महिने वांगं सोडून या भरिताची वाट बघणारा माणूस, दोन घासांत उठला. “मन न्हाई गं,” म्हणाले. उपास आणि वय. दुसरं काय?

म्हाळसा त्यांना पाणी देत होती. जाताना माझ्याकडे बघत उभी राहिली, मग गेली.

२७ नोव्हेंबर

तास संपला, सगळ्या गेल्या. म्हाळसा दारात.

“मॅडम, आबांनी काल आंगूळ केली का?”

“केली. आज सकाळीही केली. का गं?”

“आत्ता डबा घिऊन आल्यात. कपाळ धुतल्यालं हाय, टोपी पांढरी हाय. मग डोळं पिवळं कशानं?”

“भंडारा उडाला असेल काल,” मी म्हणून मोकळी. पोरगी हलली नाही. दोन्ही हातांनी ओढणी घट्ट धरून म्हणाली, “भंडारा उडाला तर डोळा लाल हुतो, मॅडम.”

मागं फळ्यावर माझंच अक्षर : दुसरं शोधा.

धावतच गेटवर गेले. आबा वॉचमनशी बोलत होते. उन्हात नेऊन पापणी खाली ओढली. कावीळ! लघवीचा रंग विचारला, म्हणाले, लई दिस झालं, गडद हाय. खाज, अन्न नको, पिवळेपणा — सगळं माझ्या घरात, माझ्या डोळ्यांपुढं.

२८ नोव्हेंबर

सोनोग्राफी झाली. पित्ताची नळी अडलीय. खडा की गाठ, ते पुण्यात कळेल. डॉक्टर म्हणाले, आता एक दिवसही दवडू नका. माझा नवरा महेंद्र कारेगावहून कंपनीतून थेट आला. आबा त्याला म्हणतात, “मला वाटलं देवाचा रंग चढला.” आम्ही दोघं हसलो. मग मी आत जाऊन रडले.

तरी एक सांगते — माझी पद्धत खरी ठरली. तोंड न उघडणारी पोरगी बोलली, तेही थेट मला. प्राचार्यांना फोनवर हेच सांगितलं. आबा बरे होतील. व्हायलाच हवेत.

२९ नोव्हेंबर, पुणे

गाठ निघाली. पसरली आहे का, ते सोमवारी सांगतील.

म्हाळसाला फोन केला. तू वॉर्डात जाणार, सांगितलं. मग विचारलं, आबांचे डोळे तुला पहिल्यांदा कधी दिसले?

“पयल्या दिशी. डबा आत आनला तवाच.”

मग तेव्हाच का नाही बोललीस?

“तुम्ही घरातच हाय की, मॅडम. मला वाटलं, तुम्हाला दिसलंच आसंल.”